सबूर तलवारीवरची खोडलेली ओळ

पराग, तुझ्या तेराव्याला मी रडले नाही. तुझ्या आईला, म्हणजे काकूंना वाटलं, धक्का बसलाय. बृजेश भैयांना वाटलं, मेधाजी बड़ी मजबूत हैं. खरं सांगू? मी रागावले होते. अजून आहे. तुझ्याबद्दल चार शब्द लिहून दे, फोटोशेजारी ठेवू, असं शबाना म्हणाली, तर मी तीन वेळा 'मनमिळाऊ' लिहिलं आणि तीन वेळा खोडलं. तू कसला डोंबलाचा मनमिळाऊ! एका तलवारीच्या एका ओळीसाठी महिनाभर माझं डोकं खाल्लंस आणि भांडण अर्धवट टाकून निघून गेलास. तर चार शब्द राहू देत. आधी आपलं भांडण पुरं करू.

काकूंनी परवा विचारलं, "अगं, इतकी वर्षं दर रविवारी दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही नक्की करत काय होता? मी आपली पोहे ठेवून जायची." मी म्हटलं, काकू, गोष्ट खेळायचो. पराग गोष्ट चालवायचा, आम्ही तिघं तिच्यातली माणसं व्हायचो. मी गिरजा, नाव वल्हवणारी आणि तलवार चालवणारी. बृजेश भैया भालेवाले. शबाना तिरंदाज. समोर राक्षस आला की लढायचं का पळायचं ते आम्ही ठरवायचो, आणि जमलं की नाही ते फासे ठरवायचे. राक्षसाचे फासे परागच टाकायचा. काकू म्हणाल्या, "म्हणजे सारीपाटच की." बरं, सारीपाट तर सारीपाट.

पण तुझा जीव खेळात नव्हताच, शस्त्रांत होता. खेळाच्या पुस्तकात तयार भारलेली शस्त्रं असतात, आग ओकणारी तलवार, फेकली की परत येणारी कुऱ्हाड. तू ती पानं कधी उघडलीच नाहीस. "तयार मसाल्याची आमटी कोण खाणार?" म्हणायचास. सिविल लाइंसमधल्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या न्हाणीघरांचे नकाशे काढायचास आणि घरी आलास की जाड ड्रॉइंगशीटचे पत्त्याएवढे तुकडे कापून त्यावर तलवारी भारायला बसायचास. अक्षर असं रेखीव, की मला माझ्या फळ्यावरच्या अक्षराची लाज वाटायची. तुझा नियम एकच. शस्त्र एक गोष्ट देईल आणि एक गोष्ट मागेल. "देणं कुणालाही सुचतं," म्हणायचास, "मागणं सुचायला अक्कल लागते."

आणि अक्कल होती तुला, ते कबूल. बृजेश भैयांचा भाला कधीच चुकायचा नाही, पण दर फेकीला धरणारा आपल्या एका माणसाचं नाव विसरायचा. ज्या रविवारी त्यांच्या पात्राला स्वतःच्या मुलाचं नाव आठवेना, त्या दिवशी भैया पोहे अर्धे टाकून नगरा मोहल्ल्यातल्या घरी गेले आणि म्हणे दारातूनच मुलाला हाका मारत सुटले. शबानाच्या धनुष्याचं तर विचारूच नको. आजवर कुणाला न सांगितलेली एक खरी गोष्ट मोठ्याने बोलल्याशिवाय बाण सुटायचा नाही. त्या धनुष्यापायी आम्हाला कळलं, की शबानाला भूगोल शिकवायचा कंटाळा आलाय, की तिला तिच्या बहिणीचा हेवा वाटतो, की माझा हिरवा सूट तिला अजिबात आवडत नाही. तू मात्र गोष्ट चालवणारा. तुझ्या हातात ते धनुष्य कधी आलंच नाही. हे तुझ्या हयातीत माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शस्त्रांचे नियम तू मराठीत लिहायचास. खेळ सगळा हिंदीत, भांडणं हिंदीत, पण पत्ते मराठीत. कारण काय, तर बृजेश भैया आणि शबाना लिपी वाचू शकतात पण अर्थ अर्धाच लागतो, म्हणजे शस्त्राचा भेद फुटत नाही. भैया पत्ता डोळ्यांजवळ धरून वाचायचे, "घाव... उमटत नाही... हओ, ये तो समझ गए, उमटत माने?" आणि तू गालात हसायचास. पूर्ण अर्थ लागणारी मी एकटी, म्हणून तपासनीसही मीच. प्रत्येक नवं शस्त्र आधी माझ्याकडे यायचं. मी गणिताची मास्तरीण, वहीभर फासे टाकून बघायची की हे फार भारी तर होत नाही ना, एकाच्या हातात आलं की बाकीचे नुसते बसून तर राहत नाहीत ना. मग लाल शाईने शेरे मारायची. शेवटी कोपऱ्यात 'तपासलं, मेधा' असं लिहिलं की शस्त्र टेबलावर यायचं. माझ्या सहीशिवाय तू एक सुरीसुद्धा आणली नाहीस, हे मी कुणालाही सांगेन.

तुला माहीत नसेल, पण या मराठीचं मी तुझं देणं लागते. आमचं घराणं कधीकाळी झाशीत लक्ष्मी तालाकडच्या देवळात पूजेला म्हणून दक्षिणेतून आलं ते इथलंच झालं. आमच्या घरात मराठी उरली होती ती आरतीपुरती, फडताळातल्या बरण्यांच्या नावांपुरती आणि आईच्या शिव्यांपुरती. तू बबीन्याच्या छावणीत वाढलेला सुभेदाराचा मुलगा, घरात अस्सल सातारी. पहिल्या दिवशी मी "मला पानी पाहिजे" म्हटलं तर केवढा हसलास! "तुमची मराठी पूर्वजांबरोबर आली आणि झाशीतच हवा खात बसली," म्हणालास. मी आठवडाभर बोलले नाही. पण मग पाते, म्यान, मूठ, उमटणे, भारणे असे शब्द तुझ्या पत्त्यांवरून माझ्या तोंडात बसले. आई गेल्यावर झाशीत मी मराठीत भांडू शकेन असा तू एकच उरला होतास. आता भाजीवाल्याशी हिंदीत, हेडमास्तरांशी हिंदीत, देवाशीसुद्धा अर्धं हिंदीतच. तुझ्याशी भांडायचं ते राहूनच गेलं.

तर ती तलवार. सबूर.

पहिला मसुदा तू होळीच्या आदल्या आठवड्यात दिलास. 'सबूर हातात असेपर्यंत लागलेला घाव उमटत नाही. लढाई संपली की सगळे घाव एकदम उमटतात.' मला आवडली होती. खरंच आवडली होती. मी फक्त एवढंच लिहिलं, की लढाई संपली हे कोण ठरवणार, ते स्पष्ट कर. दुसऱ्या मसुद्यात तू लिहिलंस, 'तलवार धरणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने "लढाई संपली" म्हटल्यावरच संपते.' ठीक. मग मध्ये बरेच दिवस काहीच नाही. आणि मग मे महिन्याच्या भट्टीत, कूलरच्या घरघरीत, तिसरा मसुदा. त्यात एक नवी ओळ. 'किती घाव साठले आहेत, हे सोबत्यांना सांगता येत नाही.'

माझं डोकं सटकलं. मी लाल शाईने लिहिलं, 'हे चालणार नाही. सोबती समोर असून काही करू शकत नाहीत, हा अन्याय आहे. बदल: सोबती घाव वाटून घेऊ शकतात.' तू माझी ओळ काळ्या शाईने खोडलीस. पट्टी लावून, सरळ. बाजूला लिहिलंस, 'नाही.'

"तू शस्त्र बनवतोयस का शाप?" मी फोनवर ओरडले.

"अगं, मास्तरीणबाई, ऐकून तर घे."

"काय ऐकू? ही गिरजाची तलवार आहे. मला चालवायचीय. बाजूला दोन माणसं उभी आहेत आणि मी सांगायचं नाही? मतलब काय?"

मग म्हणालास, "सांगितलं की सगळे लढायचं सोडून तिच्याकडेच बघत बसणार. तिला वाटत असेल, एवढी एक लढाई नीट होऊ दे. नेहमीसारखी."

आणि मी काय म्हणाले, पराग? आठवतंय तुला? मला शब्दन् शब्द आठवतो. मी म्हणाले, "तिला काय वाटतं ते राहू दे, मला आकडे दाखव."

तू आकडे दाखवलेस. दोन दिवसांत व्यवस्थित तक्ता करून पाठवलास. आकडे बरोबर होते. मी महिनाभर कुरकुर केली आणि शेवटी कंटाळून सही केली. 'तपासलं, मेधा.'

त्याच सुमारास तू बारीक होत होतास. "डाएट," म्हणालास. मी म्हटलं, "लग्नाला उभा राहतोस की काय रे या वयात?" तू म्हणालास, "स्थळं बघायला लाग." सगळे हसलो. दर पंधरवड्याला ग्वाल्हेरला जायचास, "साइटचं काम आहे." भैया म्हणाले, ग्वालियर में ताजमहल बनवा रहे हो क्या? पुन्हा हसलो. काय मेलं हसायला होतं, देव जाणे.

तुझी फाइल काकूंनी मला तेराव्यानंतर दिली. "त्याने सांगून ठेवलं होतं, मेधाला दे म्हणून." मी विचारलं, "काकू, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"होळीनंतर पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. लिव्हरचं. मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली त्यानं." काकू पदराने फाइलवरची धूळ पुसत होत्या, धूळ नव्हतीच. "मी म्हटलं, अरे मेधाला तरी सांग. तर म्हणतो, तिला मी सांगितलंय."

पराग, मी फाइल उचलली आणि तडक निघाले.

घरी येऊन सगळे मसुदे काढले. तुझी ड्रॉइंगची सवय, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख. पहिला मसुदा रिपोर्टाच्या आधीचा. तिसरा नंतरचा. म्हणजे तलवार नुसती तलवारच होती, गप्प बसणं तू नंतर घातलंस. आणि ते घातलंस अशा भाषेत जी त्या टेबलावर फक्त मला वाचता यायची, आणि दिलंस अशा माणसाला ज्याचं कामच होतं नीट वाचायचं. मी वाचलं. स्पेलिंग तपासतात तसं वाचलं. नियम फार भारी होतोय म्हणून शेरा मारला.

रोज तोच विचार डोक्यात घिरट्या घालतो. कधी वाटतं, मी महामूर्ख आहे. कधी वाटतं, हा कसला सांगायचा प्रकार? माणसानं सरळ म्हणावं, मेधा, मला बरं नाही. तीन शब्दांचं काम, त्याला तलवार कशाला? आणि मी उलट शेरा मारलाच होता ना! वाटून घेऊ शकतात, असं लिहिलंच होतं ना! तू खोडलंस. मग चूक कुणाची? शाळेत मुलांच्या वह्या तपासताना लाल पेन उचलते आणि खाली ठेवते. आठवीच्या वह्या पंधरा दिवस तशाच पडल्यात.

त्यात तू आम्हाला अडकवून गेलास ते वेगळंच. लढाईच्या मध्यावर तू कधी खेळ थांबवत नव्हतास. पण त्या शेवटच्या रविवारी, त्या बेतवासारख्या नदीच्या काठी, खडकांतून उठलेला तो पाषाणराक्षस अर्धा जिवंत असताना तू म्हणालास, "आज इथंच थांबू. उरलेलं पुढच्या रविवारी." चेहरा पिवळा पडला होता. मला वाटलं, ऊन लागलंय. मी गिरजाच्या कागदामागे पेन्सिलीने साठलेले घाव लिहिले. त्रेचाळीस. गिरजाचा जीव तीसचा. म्हणजे लढाई संपली, की गिरजा संपली. पुढच्या रविवारी तू ग्वाल्हेरच्या इस्पितळात होतास आणि गुरुवारी काकूंचा फोन आला.

शबाना म्हणाली, खेळ पुरा करू. मी नको म्हटलं. भैया म्हणाले, "मेधाजी, लड़ाई बीच में छोड़ के थोड़ी जाते हैं." मी म्हटलं, जाणारा गेलाच ना मध्येच सोडून! मला काय वाटत होतं ते तुलाच सांगते. लढाई संपवली नाही, तर घाव उमटणार नाहीत. गिरजा तशीच नदीकाठी तलवार घेऊन उभी राहील, जिवंत. आणि तू "पुढच्या रविवारी" म्हणालायस ते खोटं ठरणार नाही. चाळिशीची बाई, गणित शिकवते, आणि हे असले विचार.

पण काकूंनी परस्पर दोघांना फोन करून बोलावून घेतलं. काल गेले, तर टेबलावर पोहे, शेव, फाशांचा डबा, आणि तुझ्या खुर्चीत खुद्द काकू. "राक्षस मी," म्हणाल्या. "मला फक्त सांगा कुठला फासा टाकायचा."

तुला हसू आलं असतं. काकूंचा राक्षस तुझ्यापेक्षा वाईट. तीनदा लागोपाठ भैयांना लोळवलं आणि दर वेळी "लागलं का रे फार?" म्हणून विचारलं. भैयांनी भाला फेकला आणि त्यांचं पात्र बायकोचं नाव विसरलं. मग शबानाची पाळी. तिने धनुष्य उचललं आणि खरी गोष्ट सांगायची वेळ आली. तिने फासा मुठीत घेतला. मग म्हणाली, "मैं पराग से नाराज़ हूँ. बहुत." बाण सुटला. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले. राक्षस कोसळला.

आता सगळे माझ्याकडे. लढाई संपली, एवढं म्हणायचं होतं. मी शेवेचे तुकडे गोळा करत बसले. मग म्हटलं. "लढाई संपली."

"कितने?" भैयांनी विचारलं.

"सांगता येत नाही. नियम आहे."

"दिखाओ नियम." त्यांनी माझ्या हातातून पत्ता घेतला, डोळ्यांजवळ धरला. एकेक अक्षर लावत गेले. मग पत्ता उजेडाकडे तिरपा केला. "ये लाल में क्या लिखा है, जो कटा है? वाटून... माने बाँट के?"

"हो."

"ये तो तुम्हारी लिखावट है."

"हो, पण त्याने खोडलंय ना. नाही म्हणालाय तो." मी हिंदी विसरूनच गेले होते. "त्याची तलवार, त्याचा नियम."

"तलवार तो गिरजा की है," शबाना म्हणाली.

आणि पराग, तेव्हा मला एक कळलं, ते तुला सांगायलाच हे सगळं लिहायला बसलेय. मला आकडा सांगायचा नव्हता. नियमाचं तर निमित्त होतं. तिघंही माझ्याकडे इतक्या मायेने बघत होते, की मला ते सहन होईना. वाटलं, असं बघू नका, पोहे खा, भैया, काहीतरी आचरट बोला, नेहमीसारखं. अगदी तुझंच वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. क्षणभर मला तू पुरता समजलास. आणि समजलास म्हणून राग गेला असं मुळीच नाही, उलट वाढला. कारण मला समजलं, की ते किती अवघड होतं, आणि हेही समजलं, की जमण्यासारखं होतं.

मी म्हटलं, "त्रेचाळीस."

"पंधरा मेरे," भैया म्हणाले.

"बारा," शबाना म्हणाली. "ज़्यादा नहीं ले सकती, मर जाऊँगी."

"सहा मला दे," काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्ही राक्षस आहात."

"मेला ना तो? मग आता मी रिकामीच आहे. दे इकडे."

राहिले दहा. ते गिरजाने घेतले. ती खडकावर बसली, जरा कण्हली, आणि जिवंत राहिली. एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नाही, पराग. पोहे अजून गरम होते. मग मात्र मी रडले, आणि काकूंनी माझ्या डोक्यावर थोपटत विचारलं, "अगं, आता तर जिंकलात ना?"

घरी येऊन सबूरचा पत्ता समोर ठेवला. तू पट्टी लावून खोडलेली माझी ओळ होती, तिच्या खाली तीच ओळ लाल शाईने पुन्हा लिहिली. सोबती घाव वाटून घेऊ शकतात. शेजारी सही केली, तपासलं, मेधा. या वेळी खरंच तपासलंय. तुझी काळी पेनं काकूंनी मला फाइलीबरोबरच दिलीत, ती मी पत्त्याशेजारी मांडून ठेवलीत, टोपणं काढून. हिंमत असेल तर ये आणि खोड.